पायवाट सोडा, चढ वाचा : पहिल्या ओरिएंटिअरिंग शर्यतीची तयारी

ओरिएंटिअरिंगच्या, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात वाट शोधत पळायच्या खेळाच्या, पहिल्या शर्यतीसाठी आमच्याकडची पोरं महिनाभर नुसती पळायची तयारी करतात. पळण्यात ती कमी नाहीतच. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या खेड्यांतून शाळेला चालत येणाऱ्यांना दम कुणी शिकवायला नको. पण इथं ठरलेला ट्रॅक नसतो. सुटायच्या वेळी हातात नकाशा पडतो. त्यावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण, आकडे घातलेली वर्तुळं आणि शेवटी दुहेरी वर्तुळ. त्रिकोणापासून निघायचं, एकेक कंट्रोल (वर्तुळानं दाखवलेला, झेंडा लावलेला थांबा) क्रमानंच गाठायचं आणि दुहेरी वर्तुळात शर्यत संपवायची. मधली वाट ज्याची त्यानं ठरवायची. स्पर्धक बहुधा ठरावीक अंतरानं एकेक करून सुटतात, त्यामुळे पुढच्याच्या मागं पळून भागत नाही.

मी हायस्कूलला पीटी शिकवते. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगते : पायवाटेवर विसंबू नका. आपल्या भागात ती दर हंगामाला बदलते. भात लावलं की बांधावरची वाट बंद, कापणी झाली की शेताच्या मधूनच नवी पडते. गुरं जातील तिकडं आणखी दोन फुटतात. जांबोटी-कणकुंबीकडच्या जांभ्याच्या सड्यावर तर वाट दिसता दिसता नाहीशी होते. ‘टीचर, इथं वाटच नाही!’ ही हाक मला ओळखीची आहे. अशा वेळी मी एवढंच विचारते, तू आत्ता चढतोयस की उतरतोयस? याचं उत्तर नकाशावरच्या तपकिरी रेषांत असतं.

या समोच्च रेषांवर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवर, सगळ्यात जास्त वेळ घाला. जंगलातल्या शर्यतीचा नकाशा बहुतेक वेळा १:१०,००० किंवा १:१५,००० प्रमाणाचा असतो. पहिल्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर, आणि दोन रेषांमध्ये साधारण ५ मीटर उंचीचा फरक. एनसीसीत १:५०,००० चं टोपोशीट (सरकारी भूनकाशा) हाताळलेल्यांनी इथं सावध राहावं. त्यात दोन रेषांमध्ये सहसा २० मीटरचा फरक असतो, त्यामुळे लहानसं टेकाड त्यात सापडतच नाही. रेषा दाटल्या की चढ उभा. रेषांच्या वळणांची टोकं चढाकडे शिरली असतील तर ती ओढ्याची घळ, उताराकडे फुगून आली असतील तर डोंगराची सोंड. हे वाचून पाठ होतं, पण अंगात मुरत नाही. त्यासाठी येळ्ळूरच्या राजहंसगडावर जा. टोपोशीटचा तेवढाच तुकडा मोठा छापून घ्या, पायथ्याला उभं राहून एक सोंड नकाशावर बोटानं दाखवा आणि मग तिच्यावरूनच चढा. दोन्ही बाजूंच्या घळी कुठं खोल होतात, कुठं विरून जातात, ते चढताना बघत राहा. तासाभरात तुमच्या लक्षात येईल की कागदावरची वळणं पायांना कळायला लागलीत.

रंगांमध्ये एकच घोटाळा हमखास होतो. पांढरा म्हणजे मोकळी जागा नव्हे, पांढरा म्हणजे पळता येईल असं जंगल. मोकळं रान पिवळं असतं. हिरवा जितका गडद, तितकी झाडी दाट. निळं म्हणजे पाणी, काळ्यात खडक, वाटा आणि बांधकामं. पावसाळ्यानंतर घाणेरी माजली की पांढऱ्यातही अंग खरवडून निघतं, म्हणून फुल पँटच घाला.

पळताना नकाशा कायम सेट केलेला हवा, म्हणजे नकाशावरची उत्तर जमिनीवरच्या उत्तरेला. या नकाशांवरच्या उत्तर रेषा चुंबकीय उत्तरेच्याच असतात, त्यामुळे होकायंत्राची सुई त्यांना समांतर केली की झालं. नकाशाची घडी घाला आणि आपण जिथं आहोत तिथं अंगठा ठेवा. दिशा बदलली की नकाशा हातात फिरवायचा. अक्षरं उलटी दिसली तरी चालतील.

होकायंत्रावर दिशा धरून सरळ जाताना पाच अंशांची चूक झाली, तर ३०० मीटरवर तुम्ही २५-२६ मीटर बाजूला पडता. झाडीत तेवढ्यात कंट्रोल हुकतं. म्हणून ओढा आणि बांध जिथं मिळतात तिथं कंट्रोल असेल, तर नेम मुद्दाम थोडा डावीकडे धरा. ओढा लागला की उजवीकडे वळायचं हे आधीच ठरलेलं असतं. कंट्रोलच्या शंभरेक मीटर अलीकडची ठळक खूण निवडा, मोठा खडक किंवा घळीचं तोंड. तिथवर जोरात जा आणि तिथून पुढं वेग आवरा. माझ्या मते शर्यतीचा निकाल या शेवटच्या शंभर मीटरांत लागतो, आणि सरावात पोरं नेमकं हेच टाळतात.

वाट निवडताना एक ठोकताळा धरा : १० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे जवळपास १०० मीटर. टेकडी ओलांडायची की वळसा घालायचा, ते यावरून ठरवा.

कंट्रोलचा भगवा-पांढरा झेंडा दिसला की लगेच पंच (पोचल्याची नोंद) करू नका. त्यावरचा कोड तुमच्या यादीशी ताडून बघा. कोड ३१ पासून पुढचे असतात, म्हणजे कंट्रोलच्या क्रमांकाशी गल्लत होत नाही. त्याच रानात दुसऱ्या गटांचीही कंट्रोलं लावलेली असतात.

सरावाला दसऱ्यानंतरचे दिवस चांगले. भीमगडच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, तिथं अस्वलं आहेत. भाताच्या उभ्या पिकातून कधीही जायचं नाही, नकाशावर अंतर कितीही कमी दिसलं तरी. शिट्टी गळ्यात हवीच. अडचणीत मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबून पुन्हा. आणि शर्यत अर्धवट सोडली तरी आधी फिनिशला जाऊन नाव सांगा. तुम्ही परस्पर घरी गेलात, तर अंधार पडेपर्यंत माणसं तुम्हाला रानात शोधत राहतात.