शाळेला सुट्टी, अंगात रेंजरचा गणवेश

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानात रेंजर व्हायचं असेल, तर दिवाळीच्या सुमारास हालचाल सुरू करा. मी ॲरिझोनात सहावी-सातवीला विज्ञान शिकवते आणि सुट्टीत ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीच्या दक्षिण काठावर हंगामी रेंजर असते. मे महिन्यात विचारायला येणाऱ्यांना मी थेट पुढच्या वर्षाचं सांगते. जाहिराती यूएसएजॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर बहुतेक हिवाळा संपायच्या आतच येतात, आणि काही तर ठरलेल्या संख्येइतके अर्ज आले की बंद. पगारी नोकरीला अमेरिकी नागरिकत्व लागतं. ते नसेल तर स्वयंसेवक म्हणून घेतात का, ते विचारा. रेझ्युमेत प्रत्येक नोकरीचे महिने, वर्षं आणि आठवड्याचे तास लिहा. ते नसतील तर अनुभव मोजलाच जात नाही. नुसतं ‘शिक्षिका’ लिहून थांबू नका. सहली नेल्या, पालकसभा घेतल्या, सगळं मांडा. इथं लाजून चालत नाही.

आमच्याकडच्या बऱ्याच शाळा ऑगस्टच्या सुरुवातीलाच उघडतात. उद्यानाला मात्र माणूस पुढेही हवा असतो. तुम्ही कधीपर्यंत काम करू शकाल, ती तारीख मुलाखतीतच सांगून टाका.

निवड झाली की खरी परीक्षा काठावर, पर्यटकांना माहिती सांगताना. वर्गातली मुलं घंटेपर्यंत जागची हलत नाहीत. इथला श्रोता कंटाळला की चालू लागतो. म्हणून खडकांच्या थरांची नावं आणि वयं पाठ म्हणू नका. काठावरचा कैबाब चुनखडक दाखवा, त्यातले शिंपल्यांचे ठसे दाखवा आणि विचारा: समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांवर हे कुठून आलं? मग गप्प बसा. शिक्षकांना हेच सगळ्यात जड जातं. कुणीतरी ‘समुद्र?’ म्हणेल, तिथून पुढं जा. हा सगळ्यात वरचा, म्हणजे इथला सगळ्यात तरुण थर सुमारे २७ कोटी वर्षांचा. मराठी कुटुंब भेटलं तर मी हळूच सांगते, आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटींच्या आसपासचा, याच्यापुढं अगदीच पोरगा.

दरीत उतरणाऱ्या ब्राइट एंजल वाटेच्या तोंडाशी ड्यूटी लागली, तर भूगर्भशास्त्र बाजूला ठेवा. तिथं लोकांना वेळेत परत फिरवणं हेच काम. डोंगर चढताना दमलेला माणूस उतरून परत येतो. इथं उलट, आधी उतार आणि दमल्यावर चढ. वर यायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा, असं प्रत्येकाला सांगा. खाली जावं तशी उष्णता वाढते, म्हणून सकाळी दहा ते दुपारी चार चढ नकोच. ‘खाली जाऊ नका’ म्हटलं की तरणी मुलं हमखास जातात. त्याऐवजी विचारा: पाणी किती घेतलंय? खायला काय आहे? नुसतं पाणी पीत राहिलं तर अंगातलं मीठ कमी पडून माणूस आजारी पडतो. माझ्या पिशवीत खारे शेंगदाणे आणि चिवडा असतो, दाखवायलाही आणि खायलाही.

जुलैत दुपारी ढग गडगडले की बोलणं अर्ध्यात थांबवून सगळ्यांना कठड्यापासून आत न्या. विजेपुढे तुमचा समारोप महत्त्वाचा नाही.

राहता राहिल्या खारी. गोंडस दिसतात आणि चावतात. मुलाला ‘खायला घालू नकोस’ असं दरडावण्यापेक्षा ज्युनिअर रेंजरची, म्हणजे उद्यानाची मुलांसाठीची, पुस्तिका हातात द्या आणि त्यालाच सांगा, बाबांवर लक्ष ठेव. चिप्स बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असतात.