भयपटाची किंचाळी सुरात आणताना

आपल्या ट्रॅकसाठी भयपटातून आवाज उचलणारे बहुतेक जण आधी किंचाळी कापतात, मग दाराची करकर, मग विजेचा कडकडाट. हे तिन्ही आवाज दर मात्रेवर वाजू लागले की चौथ्या आवर्तनाला कोणी दचकत नाही. भयपटातली भीती किंचाळीच्या आधीच्या दीड-दोन सेकंदांत साठलेली असते: रिकाम्या खोलीचा घुमारा, मधेच थांबलेलं पाऊल, आत घेतलेला श्वास. सॅम्पल, म्हणजे उचललेला आवाजाचा तुकडा, कापताना कात्री तिथून लावायची. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती रचली आहे. बडोद्यातल्या साध्या घरात लॅपटॉप, मोबाइल आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन एवढ्यावर ती होते. काळी चौदशीला (नरक चतुर्दशीला) वाजवायचा ट्रॅक हवा असेल तर दसऱ्यापासून साधारण १९ दिवस हातात असतात, आणि ते पुरतात.

कोणता आवाज घेता येतो

हे आधी, कारण ट्रॅक पूर्ण झाल्यावर हक्काचा प्रश्न निघाला तर मेहनत वाया जाते. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) चित्रपटाचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९८४च्या ‘पुराना मंदिर’मधलं दार हवं असेल, तर तो हक्क २०४४ अखेरपर्यंत जिवंत आहे, परवानगी घ्या किंवा ते दार विसरा. १९४९च्या ‘महल’ची मुदत २००९ अखेर संपली. मात्र संगीतरचनेचा हक्क वेगळा असतो आणि तो रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या ६० वर्षांनी मोजतात. खेमचंद प्रकाश १९५०मध्ये गेले, म्हणून ‘महल’ची संगीतरचना २०१० अखेर मोकळी झाली. गाण्याच्या शब्दांचा हिशेब गीतकारावरून पुन्हा वेगळा. म्हणून जुन्या चित्रपटातूनही पावलं, दारं, वारा आणि खोलीचा आवाज घ्या. गाण्याला हात लावण्याआधी तीनही मुदती तपासा.

‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ हा समज खोटा आहे. अशी सेकंदांची सूट कायद्यात कुठेही नाही. ट्रॅक इंटरनेटवर चढवला की आपोआप जुळणी करणाऱ्या यंत्रणा दोन-तीन सेकंदांचा तुकडाही ओळखू शकतात.

१९६८चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ अमेरिकेत सुरुवातीपासून सार्वजनिक मालकीचा आहे. चित्रपटाचं नाव बदलताना पडद्यावरची कॉपीराइटची ओळ गळली आणि तेव्हाच्या तिथल्या कायद्यात ती ओळ नसेल तर हक्कच राहत नसे. पण त्यातलं पार्श्वसंगीत तयार संगीताच्या संग्रहातून घेतलेलं आहे. तिथूनही संगीत सोडा. खिडक्यांवर फळ्या ठोकण्याचे आवाज घ्या, ते फार कामाचे आहेत.

फाइल आत घेताना

चित्रपटाचा आवाज ४८ किलोहर्ट्झवर असतो, गाण्यांचे प्रोजेक्ट बऱ्याचदा ४४.१वर उघडलेले असतात. सॉफ्टवेअरने रूपांतर न करता फाइल तशीच वाचली, तर आवाज ८ टक्के संथ होतो आणि जवळजवळ दीड सेमिटोन खाली बसतो. ऐकताना ‘छान, जड वाटतंय’ असं वाटतं, आणि मग त्या सॅम्पलवर लावलेला प्रत्येक सूर बेसूर निघतो. सरळ प्रोजेक्टच ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा.

पाल (PAL) या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवरून घेतलं असेल तर उलटी गंमत असते. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ने चालवलेला असतो. आवाज ४ टक्के वेगवान आणि सुमारे ०.७ सेमिटोन चढा. वेग ९६ टक्के केला की मूळ आवाज परत येतो.

ध्वनिपट ५.१ असेल तर सहाही मार्गिका सुट्या करून ऐका. संवाद आणि किंचाळ्या प्रामुख्याने मधल्या मार्गिकेत असतात. मागच्या दोन मार्गिकांत वारा, पाऊस, दूरचं कुत्रं असं बोलण्याशिवायचं वातावरण मिळतं, आणि आपल्याला हवा तो खोलीचा घुमारा बहुतेक वेळा तिथेच असतो. जुन्या मोनो ध्वनिपटाला हा मार्ग नाही. आवाज वेगळे करणारी सॉफ्टवेअरं तिथे वापरता येतात, पण त्यातली बरीच गाण्यांवर शिकवलेली असल्याने किंचाळीला गायन समजतात आणि मागे पाण्यात बुडाल्यासारखी बुळबुळ सोडतात. ती बुळबुळ नंतर कोणत्याही फिल्टरने जात नाही.

प्रत्येक सॅम्पलच्या दोन्ही टोकांना ५ मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळू चढ-उतार) द्या, नाहीतर कापल्या जागी टक् असा आवाज येतो. किंचाळी घेताना तिच्या आधीचे किमान दोन सेकंद ठेवा. शिवाय प्रत्येक दृश्यातून कोणी बोलत नसतानाचा तुकडा, शक्य तितका लांब, वेगळा साठवा.

घरातले आवाज

हक्काचा प्रश्न टाळण्याचा चांगला उपाय म्हणजे भयपटाचे आवाज ज्या पद्धतीने तयार होतात, त्याच पद्धतीने आपण करणं. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांत झोपाळा असतोच, आणि छताच्या कडीत अडकलेल्या त्याच्या साखळीइतकी सरळ भीती कोणत्याही तयार संग्रहात मिळत नाही. कडीला तेल असेल तर करकर येत नाही, म्हणून आधी कोरड्या कापडाने पुसा. रेकॉर्डिंग झाल्यावर पुन्हा तेल घालायला विसरू नका, कोरडी कडी झिजते. झोपाळा रिकामा ठेवा आणि एक वीत बाहेर ओढून सोडा. मोबाइल स्टुलावर उभं राहून कडीपासून १० ते १५ सेंटीमीटरवर धरा. हातात धरलेल्या मोबाइलची सरसर रेकॉर्डिंगमध्ये येते, तेव्हा तो काठीला बांधलात तर उत्तम.

मोबाइलमध्ये वेव्ह स्वरूपात रेकॉर्ड करणारं ॲप घ्या आणि आवाज सुधारण्याच्या, गोंगाट कमी करण्याच्या सगळ्या सोयी बंद करा. त्या सोयी करकरीमधली शांतता उचलून वर आणतात किंवा पुसून टाकतात, दोन्ही वाईट. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. फ्रिज आणि पंखा बंद. विजेची ५० हर्ट्झची घरघर तरीही शिरली, तर ५०, १०० आणि १५०वर अरुंद खाच पाडा. वेळ पहाटे तीन ते पाच. त्यानंतर कबुतरं सुरू होतात.

माळ्यावर गेल्या उत्तरायणाची फिरकी आणि एखादा पतंग असेल तर खाली काढा. फिरकीचा दांडा बोटांत सैल धरून फिरवला की जबड्यासारखा खडखडाट येतो. पतंग माइकजवळ हाताने फडफडवा. पंख्यासमोर धरू नका, पंख्याचाच आवाज भरतो. ही फडफड २४ सेमिटोन खाली आणली की तीन सेकंदांची बारा होते आणि मोठ्या पंखांसारखी ऐकू येते. एवढं खाली आणल्यावर वरची चमक जाते, ती जाऊ द्या.

धातूच्या लांब हंबरड्यासाठी पितळी पातेल्यात एक वाटी पाणी घाला आणि काठावर राळ लावलेला व्हायोलिनचा गज उभा ओढा. ओढता ओढता पातेलं किंचित कलतं केलं की सूर वाकतो. भयपटांत वापरलं जाणारं वॉटरफोन नावाचं वाद्य याच तत्त्वावर चालतं. राळ कमी पडली तर गज नुसता घसरतो.

लय झोपाळ्याकडून

आपल्या ट्रॅकचा वेग आधी ठरवून सॅम्पल त्यात कोंबलं की ते मरतं. वेग सॅम्पलकडून घ्या. कडीपासून फळीपर्यंत दोन मीटर असलेला झोपाळा एक पूर्ण झोका सुमारे २.८४ सेकंदांत घेतो आणि जाताना एकदा, येताना एकदा असा दोनदा करकरतो. म्हणजे दर १.४२ सेकंदांनी एक करकर. १२७ बीपीएमला (मिनिटाला १२७ मात्रा) तीन मात्रा बरोबर एवढ्याच वेळात बसतात. चार मात्रांच्या किकवर (बास ड्रमच्या ठोक्यावर) ही तीन मात्रांची करकर दर आवर्तनात जागा बदलते आणि १२ मात्रांनी, म्हणजे तीन आवर्तनांनी, पुन्हा समेवर येते. ऐकणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे. करकर ग्रिडला घट्ट चिकटवू नका. पुढेमागे १०-१५ मिलिसेकंद हलली तर ती झोपाळ्याचीच वाटते.

विषम लयीचा हा उपाय भयपटांनी स्वतः वापरला आहे. जॉन कार्पेंटरची ‘हॅलोविन’ची (१९७८) धून पाच मात्रांची आहे. झपताल वाजवणाऱ्याला पाचाची ही ओढ ओळखीची वाटेल. तशी पाचाची आकृती चार मात्रांच्या किकवर ठेवली तर २० मात्रांनी दोन्ही एकत्र येतात.

सूर आणि खर

सॅम्पलचा सूर शोधायला स्पेक्ट्रम दाखवणारं कोणतंही साधन चालेल. समजा दाराच्या कण्हण्यात २३३ हर्ट्झची रेघ सर्वांत ठळक आहे, म्हणजे काळी पाच. मग किकची शेपटी ५८ हर्ट्झवर लावा. दोन सप्तकं खालचा तोच सूर. किक बेसूर असेल तर खालच्या पट्टीत नुसता चिखल होतो, आणि लोक आवाज वाढवत राहतात.

भीतीसाठी तीव्र मध्यम सगळेच वापरतात. कोमल रिषभ जास्त काम करतो. २३३च्या सोबतीला २४७ हर्ट्झचा सूर अगदी हळू ठेवला की दोघांच्या भांडणातून सेकंदाला १४ ठोके उमटतात. यापेक्षा जास्त सूर घालू नका.

सौम्य आवाजाला किंचाळीचा खर, म्हणजे खरखरीतपणा, द्यायचा असेल तर ट्रेमोलो (आवाजाची तीव्रता भराभर कमी-जास्त करणारा इफेक्ट) वापरा. माणसाच्या किंचाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला ३० ते १५० वेळा थरथरते, आणि कान त्यालाच धोका समजतो. पातेल्याच्या हंबरड्यावर ७० हर्ट्झचा, ६०-७० टक्के खोलीचा ट्रेमोलो लावा. तो पूर्ण वेळ ठेवलात तर बिघडलेल्या स्पीकरसारखा ऐकू येतो. आठ मात्रांत शून्यापासून चढवा आणि एकदम तोडा.

मांडणी

पहिली १६ आवर्तनं, म्हणजे सुमारे ३० सेकंद, फक्त खोलीचा घुमारा, झोपाळा आणि दबलेली किक. मग बेस. मधली बांधणी तुमच्या हातची, त्यात सांगण्यासारखं फार नाही. किंचाळी मात्र पूर्ण ट्रॅकमध्ये एकदाच.

तिच्याआधी उलटा रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट): किंचाळी उलटी करा, चार सेकंदांचा रिव्हर्ब पूर्ण ओला, म्हणजे मूळ आवाज न मिसळता, लावून रेंडर करा, पुन्हा उलटी करा. येणारी चढती लाट दोन आवर्तनांत, ३.७८ सेकंदांत बसेल अशी कापा. लाट जिथे संपते तिथे सगळेच किंचाळीची वाट पाहतात. तिथे काही ठेवू नका. एक पूर्ण आवर्तन खोलीचा घुमारा, आणि किंचाळी पुढच्या समेनंतर एक मात्रा उशिरा. किक तिच्यासोबत परत येते.

त्या रिकाम्या आवर्तनात संपूर्ण शून्य ठेवणं ही सर्वांत महागडी चूक. मैदानावर लोकांना ॲम्प्लिफायर बंद पडल्यासारखं वाटतं, कोणीतरी वायर तपासायला धावतो आणि क्षण जातो. घुमारा उणे ४५ ते ५० डेसिबलवर चालू राहिलाच पाहिजे. म्हणूनच तो सुरुवातीला वेगळा साठवायला सांगितला.

मिक्स

किक सोडून सगळ्यांना ३० हर्ट्झखाली काप, किंचाळीला २००खाली. किंचाळीची धार २.५ ते ३.५ किलोहर्ट्झमध्ये असते, आणि मांडवातले भोंगे नेमकं तेच कानात खुपसतात, म्हणून तिथे ३ ते ५ डेसिबल कमी करा. घुमाऱ्यावर किकचं साइडचेन लावा, म्हणजे किक वाजताच घुमारा दबेल: अटॅक १ मिलिसेकंद, रिलीज १५०, दबाव ४ डेसिबलपर्यंत. जुन्या ध्वनिपटाच्या सॅम्पलवर जड कॉम्प्रेशन नको. जितके डेसिबल आवाज वर ओढाल, तितकीच त्यामागची खसखसही वर येते.

१२० हर्ट्झखालचं सगळं मोनो करा, आणि शेवटी पूर्ण ट्रॅक मोनोत ऐका. बऱ्याच मांडवांत डावा-उजवा एकच करून वाजवतात. रुंदीसाठी एका बाजूची फेज उलटवली (ध्वनिलाट उलटी केली) असेल तर तो आवाज तिथे अख्खा नाहीसा होतो, आणि बहुधा तो घुमाराच असतो.

इंटरनेटसाठीची फाइल उणे १४ एलयूएफएस (सरासरी मोठेपणाचं माप), शिखर उणे १ डेसिबल. मैदानासाठी उणे १०पर्यंत चढवा. त्याहून वर गेलात तर रिकाम्या आवर्तनातला घुमारा फुगतो आणि किंचाळीला उडी मारायला जागा उरत नाही. रात्री १० नंतर खास सवलत नसेल तर लाउडस्पीकर बंद ठेवावा लागतो, तेव्हा किंचाळी पावणेदहाच्या आत वाजेल अशी वेळ आखा.

फाइलबरोबर एक साधी यादी ठेवा: कोणता आवाज, कोणत्या चित्रपटातून, प्रदर्शनाचं वर्ष, कितव्या मिनिटाला, घरचा असेल तर ‘झोपाळा, घरचा’ आणि रेकॉर्डिंगची तारीख. हक्काची विचारणा आली की मूळ रेकॉर्डिंग आणि ही यादी सोबत पाठवता येते.