टेम्पो बदलला आणि गाणं विस्कटलं? या चुका टाळा

हळदीच्या गाण्यात शेवटी लय चढली की खरा रंग भरतो. ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा असो की नवी मुंबईतलं दिवाळे गाव, घरगुती स्टुडिओत घोळ होतो तो याच जागी. आवाज १०० बीपीएमवर (मिनिटाला १०० ठोके) रेकॉर्ड झालेला असतो आणि मग प्रोजेक्टचा टेम्पो ११२ केला जातो. मिडीतली (प्रत्यक्ष आवाज नव्हे, कुठे काय वाजवायचं याच्या सूचना) ढोलकी पुढे पळते, आवाज मात्र जुन्याच चालीने येतो. १०० ला एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा, ११२ ला सुमारे ५३६ चा. चार ठोक्यांच्या १६ बारांत (बार म्हणजे ठेक्याचं एक आवर्तन) आवाज चार सेकंदांहून जास्त मागे पडतो.

कारण साधं आहे: मिडी ठोक्यांना बांधलेली असते, ऑडिओ बहुधा सेकंदांना. म्हणून टेम्पोला हात लावण्याआधी प्रोजेक्टची प्रत सेव्ह करा आणि टाइमबेस, म्हणजे ऑडिओ सेकंदांना बांधायचा की ठोक्यांना हे ठरवणारी सेटिंग, तपासा. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तो प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये आहे. ‘टाइम’ ठेवला तर ऑडिओ हलत नाही. ‘बीट्स’मध्ये पोझिशन, लेंग्थ, रेट असा पर्याय घेतला तर तो ताणला किंवा आखडला जातो. फक्त पोझिशन घेतली तर प्रत्येक तुकडा जागेवर सुरू होतो, पण लांब ओळ पुढे जाता जाता मागे पडतेच. आवाज दहा टक्क्यांहून जास्त ताणावा लागत असेल तर तो भाग पुन्हा गाऊन घ्यावा. कुठलाही अल्गोरिदम त्याची बरोबरी करत नाही.

ढोलकीच्या दोन पुड्यांना दोन माइक लावले असतील तर दोन्ही ट्रॅक ग्रुप करूनच ताणा. वेगवेगळे ताणले की फेज (दोन माइकमधल्या ध्वनिलहरींचा मेळ) बिघडते आणि धुम पोकळ वाजते.

क्लिकशिवाय (कानात वाजणाऱ्या ठोक्यांशिवाय) वाजवलेलं रेकॉर्डिंग ग्रिडमध्ये (पडद्यावरच्या ठोक्यांच्या रेषांत) कोंबू नका. गायक-वादकांनी चढवलेली लय ही चूक नव्हे. प्रत्येक बारच्या समेवर टेम्पो मार्कर लावून ग्रिडलाच त्यांच्या मागे चालवा. आपोआप ओळखलेल्या टेम्पोवर लगेच विश्वास ठेवू नका, ९६ चे ४८ किंवा १९२ सहज होतात. सहा-आठच्या ठेक्यात आणखी एक फसगत असते: बारात दोन मोठे ठोके, मिनिटाला असे १२०, पण असा एक ठोका दीड क्वार्टर नोटचा असतो, म्हणून सॉफ्टवेअर क्वार्टर नोट मोजत असेल तर आकडा १८० टाकावा लागतो.

लय हळूहळू चढवायची असेल तर क्युबेस या सॉफ्टवेअरमध्ये ‘जंप’ (एकदम बदल) ऐवजी ‘रॅम्प’ (हळूहळू बदल) वापरा. स्नॅप (मार्कर रेषेवर आपोआप बसवणारी सोय) चालू ठेवा. मार्कर बाररेषेपासून किंचित जरी सरकला तरी पुढचं सगळं ग्रिड सरकतं. मिलिसेकंदांत लावलेला डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) नव्या टेम्पोला जुळत नाही, तो सिंकवर (टेम्पोला बांधून) टाका.

वेगासोबत पट्टीही चढली असेल तर दोष टेम्पोचा नाही. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटची (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) फाइल रूपांतर न होता ४८ च्या प्रोजेक्टमध्ये वाजली की ती ८.८ टक्के जलद आणि जवळपास दीड सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) वर ऐकू येते. सॅम्पल रेट जुळवून फाइल पुन्हा आणा.

मिक्सिंगसाठी ठाण्याहून वाशीला ट्रॅक पाठवताना सगळे एकाच शून्य बिंदूपासून एक्सपोर्ट करा आणि टेम्पो मॅप (कुठे किती टेम्पो आहे याची नोंद) असलेली मिडी फाइल सोबत द्या. नुसता ‘१०० बीपीएम’ असा निरोप पाठवला तर समोरच्याचं ग्रिड लय चढते त्याच बारापासून चुकतं.