त्सुम खोऱ्यात जाताना हातचे चार दिवस

त्सुम खोऱ्यातल्या निले गावाहून मु गोम्पाला, म्हणजे वरच्या बौद्ध मठाला, जायला तीन-चार तास लागतात. पहिल्या खेपेला आम्ही निलेला मुक्काम केला आणि सकाळी उठून मागे फिरलो. पाय ठीक होते, आभाळ निरभ्र होतं, चौघांपैकी कुणाचं डोकंही दुखत नव्हतं. परमिटवरचे दिवस तेवढे संपत आले होते. ज्या गोम्पासाठी वर्षभर पैसे साठवले ती वरच राहिली. असं कुणा नव्या माणसाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून दोन्ही खेपांचा हिशेब इथे बैजवार मांडते आहे.

त्सुम नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात आहे, पार उत्तरेला, तिबेटच्या सरहद्दीला लागून. बुढी गण्डकी नदीच्या काठाने वर जात राहिलं की लोक्पाच्या अलीकडे वाट फुटते. डावी वाट मनास्लू शिखराकडे जाते आणि उजवी स्यार खोला नदीच्या काठाने त्सुममध्ये शिरते. सरहद्दीमुळे हा निषिद्ध टापू होता. परदेशी माणसांना तो २००८ साली खुला झाला, तोही खास परमिटवर. भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, त्यामुळे आपल्याला परमिटही लागत नसेल असं पुष्कळांना वाटतं. लागतं, आणि त्याचे पैसेही डॉलरच्या दरानेच भरावे लागतात. मनास्लू संरक्षण क्षेत्राची वेगळी फी असते, तिथे मात्र सार्क देशांच्या नागरिकांना सवलत आहे. आम्ही माणशी १००० नेपाळी रुपये भरले.

हे परमिट स्वतः जाऊन काढता येत नाही. काठमांडूच्या अध्यागमन (इमिग्रेशन) विभागाकडे नोंदणीकृत ट्रेकिंग एजन्सीमार्फत अर्ज जातो आणि सोबत परवानाधारक गाइड असावाच लागतो. आम्ही गेलो तेव्हा अर्ज किमान दोघांचा लागायचा. हे नियम बदलत असतात, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी एजन्सीकडून चालू नियम लेखी मागवा. पासपोर्ट न्या. नेपाळच्या प्रवासाला मतदार ओळखपत्र चालतं, आधार कार्ड सहसा चालत नाही, पण परमिटच्या कामाला पासपोर्ट जवळ असला की प्रश्नच उरत नाही.

आता मुद्द्याचं. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये त्सुमचं परमिट आम्हाला पहिल्या आठवड्याला ४० डॉलर आणि पुढच्या प्रत्येक दिवसाला ७ डॉलर पडलं. आठवड्याचा दर दिसला की माणूस आपोआप आठवड्याचाच बेत आखतो. आम्ही ज्यांच्याकडून ट्रेक घेतला त्यांनीही तेच केलं होतं. पहिला दिवस लोक्पा, दुसरा चुमलिंग, तिसरा छोकांगपारो, चौथा निले, पाचव्या दिवशी मु गोम्पा पाहून परत निले, सहावा चुमलिंग, सातव्या दिवशी फिलिमखाली बाहेर. कागदावर सात दिवस चपखल बसले होते. त्यात एकही दिवस हातचा नव्हता, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

परमिटवर तारखा छापलेल्या असतात. त्या काठमांडूत ठरतात, आणि काठमांडूपासून माछाखोलापर्यंत जीपचा आठ-दहा तासांचा रस्ता आहे. धादिङबेसी, आरुघाट, सोतीखोला असं करत तो जातो. आरुघाटनंतर अंगातली हाडं मोजून घ्यावीत असा रस्ता. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा होता, पाऊस चार दिवसांपूर्वी थांबलेला, तरी सोतीखोल्याच्या पुढे पहिरो आला होता. दरड कोसळली की तिथे पहिरो म्हणतात. त्याच्या अलीकडे बारा-पंधरा जीपा उभ्या होत्या आणि पलीकडे एक जेसीबी काम करत होता. एक अख्खा दिवस गेला. परमिटचा पहिला दिवस आम्ही परमिट तपासणाऱ्या जगत गावच्या चौकीपासून पुष्कळ खाली, एका टपरीत चाऊचाऊ (तिथल्या झटपट नूडल्स) खात काढला. तिथून पुढे बोटांवर मोजलं की सगळं उघड होतं. निलेपर्यंत जाता येणार होतं, मु गोम्पा होणार नव्हती.

गाइडदाइंनी हे आम्हाला त्या टपरीतच सांगितलं. आम्ही ऐकून घेतलं, पण मनातून वाटत होतं की दोन टप्पे एका दिवसात मारू. सह्याद्रीत राजगड-तोरणा एका दमात केलेल्यांना असं वाटतंच. फिलिम गाव साधारण १५७० मीटरवर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या उंचीवर आहे. आपली चढण जिथे संपते, तिथे त्यांची सुरू होते. चुमलिंग २४०० मीटरच्या जरा खाली, छोकांगपारो ३००० च्या वर, निले साडेतेहतीसशेच्या आसपास, मु गोम्पा ३७००. तीन हजारांच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा डॉक्टरांचा सर्वमान्य सल्ला आहे. म्हणजे गेलेला दिवस पुढे धावून भरून काढायची सोयच नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं यातलं काही झालं तर अंगावर काढू नका. तिथेच थांबा, वाढलं तर खाली उतरा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फाची अॅलर्जी असेल तर.

म्हणून दिवसांचा हिशेब उलटा करा. आधी हातचे दिवस बाजूला काढा, मग गावं मांडा. दुसऱ्या खेपेला आम्ही परमिटच अकरा दिवसांचं काढलं. तेव्हा एप्रिल होता, त्या मोसमात पहिल्या आठवड्याला ३० डॉलर होते. वरच्या चार दिवसांचे पैसे धरूनसुद्धा तो खर्च पुण्यात घेतलेल्या माझ्या बुटांपेक्षा कमी होता. पहिल्या खेपेला मी जॅकेट, काठ्या, हेडलॅम्प सगळं उत्तमातलं घेतलं होतं आणि दिवसांच्या बाबतीत हात आखडता ठेवला होता. सामान भाड्यानेही मिळतं, काठमांडूच्या थामेल भागात चांगल्या स्लीपिंग बॅगा आणि डाउन जॅकेटं मिळतात. पैसे दिवसांवर घाला. काठमांडूतही परमिटसाठी कामाचे दोन दिवस धरा. शनिवारी तिथे सुट्टी असते.

सुट्ट्यांचं आणखी एक. आपल्याला रजा दसरा-दिवाळीत मिळते आणि नेमके तेव्हाच तिथे दसैं आणि तिहार असतात. दसैंत कचेऱ्या बंद, जीपमध्ये जागा मिळत नाही, आणि गाइडना आणि ओझं वाहणाऱ्या भरियांनाही घरी जायचं असतं. सणाच्या तोंडावर त्यांना ओढून नेऊ नये असं मला वाटतं. दसैं उरकल्यावर निघा. वसंतात जायचं असेल तर एप्रिल उत्तम, लालीगुरांस, म्हणजे लाल ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो. मेच्या मध्यानंतर गावंच्या गावं यार्सागुम्बा (अळीवर उगवणारी औषधी बुरशी) गोळा करायला वरच्या कुरणांवर जातात आणि बरीच टीहाउसं बंद असतात. कडक हिवाळ्यातही बरेच जण काठमांडूकडे उतरलेले असतात.

टीहाउस म्हणजे चहाची टपरी नव्हे. गावातलंच एखादं घर, त्यात चार-सहा खोल्या, फळीचे पलंग, एक मोठं स्वयंपाकघर. मनास्लूच्या वाटेवर यांचं पुष्कळ सुधारलेलं रूप दिसतं. त्सुममध्ये अजून साधेपणा आहे. २०१५ च्या २५ एप्रिलचा ७.८ तीव्रतेचा भूकंप याच गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकपाशी झाला आणि त्सुमची दगडी घरं मोठ्या प्रमाणात पडली. आज ज्या खोलीत आपण झोपतो, ती त्यानंतर खच्चरांच्या पाठीवरून पत्रे आणून उभी केलेली असू शकते. गरम पाण्याची बादली आणि मोबाइलचं चार्जिंग यांचे वेगळे पैसे सांगितले की घासाघीस करू नका. सिमकार्ड नेपाळ टेलिकमचं घ्या. रोख रक्कम सगळी काठमांडूतूनच न्या, नेपाळी रुपयांत आणि सुट्टी. आपल्या १०० रुपयांचे तिथे १६० होतात, तो दर पक्का आहे.

जेवण म्हणजे दालभात, आणि तो दोनदा-तीनदा वाढतात. शाकाहारी माणसाला यापेक्षा सोयीचं खोरं हिमालयात क्वचितच सापडेल, कारण वरच्या त्सुममध्ये प्राणी मारतच नाहीत. या व्रताला शाग्या म्हणतात. शिकार नाही, सापळे नाहीत, कत्तलीसाठी जनावर विकणं नाही, मधासाठी पोळं काढणंसुद्धा नाही. १९२० सालापासून गावकरी ते पाळत आले आहेत. मांस खाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की टिनातलं मांसही तिथे नेऊ नका.

छोकांगपारोच्या दिदींनी आम्हाला उकडलेले छोटे बटाटे दिले, सालासकट, आणि बाजूला दगडी खलात वाटलेली लाल चटणी. पहिल्या घासाला जीभ चरचरून बधिर झाली आणि मी तिथल्या तिथे ओळखलं, हे तर तिरफळ! आमच्याकडे मालवणात बांगड्याच्या तिखल्यात पडतं ते. दिदींनी डबा उघडून दाखवला. तीच फुटलेली, काळपट टरफलं, फक्त आमच्यापेक्षा बारीक. तिथे त्याला तिमूर म्हणतात आणि ते तिरफळाच्याच कुळातलं झाड आहे. मी हाताने, खुणांनी सांगितलं की आम्ही बी काढून टाकतो. त्या हसल्या आणि तळहातावर टरफल चोळून त्यांनी मला दाखवलं की त्याही काढतात. त्या दिवशी आमचा मुक्काम एकच रात्रीचा होता. दुसऱ्या खेपेला मी त्यांच्यासाठी मालवणहून तिरफळं नेली होती आणि एक दिवस जास्त थांबले.

त्या जास्तीच्या दिवशी मिलारेपा या तिबेटी संताच्या गुहेपर्यंत जाऊन आलो. वाटेत मणी भिंती लागतात, मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांबच लांब ओळी. त्या उजव्या हाताला ठेवून चालायचं. आपल्याला हे शिकवावं लागत नाही, देवळातली प्रदक्षिणाच ती. पण वाट कधी कधी भिंतीच्या दुसऱ्या अंगाने सोपी दिसते, तेव्हा लक्षात ठेवा.

चालण्याबद्दल दोनच गोष्टी सांगते. पहिली खच्चरांची. घंटांचा आवाज आला की लगेच डोंगराच्या बाजूला भिंतीला पाठ लावून उभं राहा, दरीच्या बाजूला कधीही नाही. खच्चर आपल्या पाठीवरच्या ओझ्याची रुंदी जाणत नाही. लोक्पा ते चुमलिंगच्या वाटेवर गॅस सिलिंडर लादलेल्या खच्चराने माझ्या सॅकला असा धक्का दिला होता की मी दगडाला धरलं नसतं तर काय झालं असतं, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. झुलत्या पुलावर समोरून खच्चरं दिसली तर पूल रिकामा होईपर्यंत थांबा. दुसरी गोष्ट तयारीची. एका रविवारी मोठा किल्ला करून ही तयारी होत नाही. शनिवारी पाठीवर आठ किलो घेऊन सहा तास चाला आणि रविवारी पुन्हा तेवढंच चाला. दुसऱ्या दिवशीचे पाय कसे आहेत ते पाहायचं असतं. उतरणीचा सराव त्याहून जास्त करा, तिथे गुडघे बोलतात.

भरियादाइंचं ओझं ठरवताना माणूस म्हणून विचार करा. चांगल्या एजन्सी एका भरियाला तीस किलोच्या वर देत नाहीत. आम्ही दोघींत मिळून अठरा किलो दिलं. त्यांचा विमा काढलाय का, त्यांच्याकडे गरम कपडे आणि बूट आहेत का, हे पहिल्या दिवशी स्वतः विचारा. तुमच्या विम्यात ट्रेकिंग, जाणार ती उंची आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरलाय का, तेही शब्दन् शब्द वाचून घ्या. पहाडात रस्ता नाही, हेलिकॉप्टर हीच रुग्णवाहिका.

दुसऱ्या खेपेला सहाव्या दिवशी दुपारी मु गोम्पाला पोचलो. झाडं खालीच संपली होती. अंगणात एक वयस्क भिक्खू जवाचं पीठ चाळत बसले होते. त्यांनी चाळणी बाजूला ठेवली आणि लोणी-मिठाचा चहा आणून दिला. संध्याकाळी ढगांनी सगळं झाकलं आणि सकाळीही उघडीप नव्हती. गाइडदाइंनी विचारलं, काय करायचं? मी पिशवीतून परमिट काढलं आणि आम्ही दोघांनी तारखा मोजल्या. तो दिवस तिथे काढला तरी चार उरत होते, आणि उतरायला तीन पुरत होते. मग बूट काढून आम्ही पुन्हा चुलीपाशी जाऊन बसलो.