फ्लो सेल आवळण्याआधी हे वाचा

सरफेस प्लाझ्मॉन रेझोनन्सच्या (पृष्ठभागावर रेणू चिकटले की प्रकाशाच्या मदतीने ओळखणाऱ्या) चिपसाठी पहिला फ्लो सेल, म्हणजे चिपवरून द्रव वाहून नेणारी उथळ पोकळी, बनवला, तेव्हा सिम्युलेशनमध्ये सगळं देखणं होतं. चॅनेल 4 मिमी रुंद, 100 मायक्रोमीटर उंच, प्रवाह मिनिटाला 50 मायक्रोलिटर. रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह संथ राहील की खवळेल हे सांगणारा आकडा) 1 च्याही खाली, त्यामुळे टर्ब्युलन्सची धास्ती नको. तरीही डावीकडच्या स्पॉटचा (चिपवरच्या अँटिबॉडी बसवलेल्या ठिपक्याचा) सेन्सरग्राम, म्हणजे वेळेनुसार सिग्नलचा आलेख, दर वेळी उशिरा चढायचा. ‘अँटिबॉडी नीट बसली नसेल, केमिस्ट्री बघ,’ असं मला सांगण्यात आलं. त्या एका वाक्यापायी कित्येक महिने गेले. अजून आठवलं की जीव तळमळतो.

केमिस्ट्रीचा दोष नव्हताच. डावीकडचे दोन स्क्रू मी जास्त आवळत होतो आणि पीडीएमएसचं (सिलिकॉन रबराचं) मऊ गास्केट तिथे दबून चॅनेलची उंची कमी होत होती. हे नीट समजून घ्या. रुंद, उथळ चॅनेलमध्ये दाबाचा उतार तोच असेल, तर वेग उंचीच्या वर्गाप्रमाणे बदलतो आणि तेवढ्या पट्ट्यातून जाणारा प्रवाह घनाप्रमाणे. 100 चे 80 मायक्रोमीटर झाले की वेग 36 टक्क्यांनी घटतो, प्रवाह जवळपास निम्म्यावर येतो. सिम्युलेशनला हे कळणार कसं? उंचीचा आकडा तुम्हीच भरलेला असतो. सिम्युलेशनच्या रंगीत चित्रावर समाधान मानणारा मार्गदर्शक मला तरी नको. कच्चा डेटा मागणारा शोधा.

गाठ सुटली ग्लिसरॉलने. बफरमध्ये (चिपवरून सोडायच्या द्रावणात) 1 टक्का मिसळून सोडा. ते चिपला चिकटत नाही, फक्त अपवर्तनांक (द्रवातून प्रकाश किती वाकतो तो आकडा) बदलतं, आणि चिपला तो बदल लगेच दिसतो. तरीही एखादा स्पॉट मागे राहिला, तर प्रवाहातच खोट आहे. मग मी चिपच्या जागी साधी काच लावली, स्क्रू तसेच आवळले आणि रंगीत पाणी भरून मायक्रोस्कोपखाली पाहिलं. रंग मध्ये गडद, डाव्या स्क्रूंलगत फिका, म्हणजे तिथे उंची कमी. दोन मिनिटांत उत्तर मिळालं.

आता उंची ठरते ठरावीक जाडीच्या धातूच्या शिमने, म्हणजे पातळ पट्टीने. गास्केट फक्त गळती रोखतं. बाकी गोष्टी जमून जातात, घाबरू नका. इनलेटपासून चॅनेल हळूहळू रुंदावा, नाहीतर कोपऱ्यांत बुडबुडे अडकतात. स्पॉट कडेच्या भिंतीला खेटून घेऊ नका. बफर डिगॅस करा, म्हणजे त्यात विरघळलेली हवा काढून टाका.

नवा सेल जोडला की अँटिबॉडीची कुपी फ्रीजबाहेर काढण्याआधी मी आजही ग्लिसरॉल सोडून बघतो.