म्यूझस्कोरमध्ये जॅझच्या कॉर्ड चिन्हांची मांडणी

म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची) नावे साधा मजकूर म्हणून लिहू नयेत, कारण नंतर रचनेची पट्टी बदलल्यास स्वर सरकतात, पण साध्या मजकुरातील कॉर्ड मात्र जुन्याच पट्टीत राहतात. त्याऐवजी स्वर निवडून कंट्रोल आणि के या कळा एकत्र दाबाव्यात, कॉर्डचे नाव टंकित करावे आणि स्पेस दाबून पुढच्या जागी जावे. फ्लॅटसाठी (अर्धा स्वर खाली) लहान लिपीतील बी आणि शार्पसाठी (अर्धा स्वर वर) हॅश पुरतो. सॉफ्टवेअर त्यांचे योग्य चिन्हात रूपांतर करते. कॉर्डच्या प्रकारांपैकी मेजर सेव्हन्थचा त्रिकोण टी या अक्षराने, हाफ डिमिनिश्डचे छेदलेले वर्तुळ शून्याने आणि डिमिनिश्डचे साधे वर्तुळ ओ या अक्षराने मिळते.

हस्तलिखितासारखे वळण हवे असल्यास फॉरमॅट मेनूतील स्टाइल उघडून कॉर्ड सिम्बॉल्समध्ये जॅझ हा पर्याय निवडावा. आकार आणि अंतरही तिथेच ठरवावे. एकेक चिन्ह हाताने ओढत बसणे म्हणजे पुढच्या दुरुस्तीची तयारीच. मेजरसाठी त्रिकोण की अक्षरे, मायनरसाठी एम की आडवी रेघ, हे आरंभीच ठरवून संपूर्ण रचनेत तेच पाळावे. मेजरसाठी मोठा एम मात्र टाळलेलाच बरा, कारण मंद प्रकाशात वाचणाऱ्या वादकाला तो लहान एमसारखा भासतो.