साप बिघडलेला नाही, मोसम आलाय: या चुका टाळा

डिसेंबर लागला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, साप चिडका झालाय." "ताई, महिना झाला, उंदराला तोंड लावत नाही." "ताई, रात्रभर झाकणाला नाक घासतोय, वेडबिड लागलंय का?" मी आधी एकच विचारते, नर आहे की मादी? आणि पलीकडे शांतता. साप आणून दोन वर्षं झाली, नाव ठेवलं, फोटो टाकले, पण हे तपासून घ्यायचं राहिलंच.

मी भांडुपला दोन खोल्यांत अकरा वर्षं बॉल पायथन, म्हणजे लहान जातीचे बिनविषारी अजगर, ठेवते आहे. सध्या दोन नर, तीन माद्या. मोसम आल्याची वर्दी मला सासूबाईंकडून मिळते. "तुझा तो काळा काल दोन वाजेपर्यंत डबा ढकलत होता, डोळ्याला डोळा नाही लागला," असं चहाच्या वेळी ऐकलं की मी कॅलेंडर बघते. बॉल पायथन मूळचा घाना, टोगो, बेनिनकडचा. पाळलेल्यांचा जोडी लागण्याचा काळ साधारण नोव्हेंबर ते मार्च. वयात आलेला नर या दिवसांत जेवण सोडतो, फट शोधतो, रात्रभर येरझाऱ्या घालतो. मादी अंड्यावर आली की जड, गप्प आणि तुसडी होते. दोघांचंही काही बिघडलेलं नसतं. बिघडवतो आपण.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे न जेवणाऱ्या नराच्या मागे उंदीर घेऊन लागणं. दोन वर्षांपूर्वी मालाडच्या एका कॉलेजच्या मुलाचा नर नोव्हेंबरपासून जेवेना. हा दर तिसऱ्या दिवशी झाकण उघडून उंदीर नाचवायचा. मग कुणीतरी अक्कल शिकवली, जिवंत उंदीर रात्रभर आत सोड, भूक लागली की खाईल. भूक लागली, पण उंदराला. सकाळी सापाची पाठ कुरतडलेली. रविवार, त्यात मेगाब्लॉक. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर रिक्षात दीड तास काढून मी पोचले. दोन बोटं रुंद जखम, खवले निघालेले, खाली ओलं गुलाबी मांस. एरवी हात लावला की डोकं आत घेऊन चेंडू होणारा हा प्राणी, झाकण सरकताच फुसकारून अंगावर येत होता. "बघा ना, किती ॲग्रेसिव्ह झालाय," मुलगा म्हणाला. अरे बाबा, झाकण उघडलं की उंदीर येतो आणि उंदीर चावतो, एवढं त्याला कळलंय. तू त्याच्या जागी काय केलं असतंस?

त्याच्याकडे वजनकाटा नव्हता. आईचा स्वयंपाकघरातला काटा मागून घेतला, साप कापडी पिशवीत घालून ठेवला. पिशवी वजा जाता 780 ग्रॅम. ऑक्टोबरमधलं वजन, नशिबाने कुठेतरी लिहिलेलं, 810. म्हणजे दोन महिन्यांच्या उपासात 30 ग्रॅम, चार टक्केही नाहीत. एवढ्यासाठी इंजेक्शनं, मलम, डॉक्टरांच्या फेऱ्या. दोन-तीन वेळा कात टाकून झाली तरी पाठीवरचा व्रण गेला नाही. आणि मार्च संपता संपता तो आपणहून जेवायला लागला.

माझी पद्धत अगदी साधी आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन, वहीत, पेनाने. पंधरा दिवसांतून एकदा मेलेला, नीट कोमट केलेला उंदीर चिमट्याने पुढे करायचा. घेतला तर घेतला, नाहीतर सकाळी बाहेर. धष्टपुष्ट नर दोन-तीन महिने सहज काढतो. वजन दहा टक्क्यांनी उतरलं, पाठीचा कणा वर आलेला दिसला, श्वासाला घरघर लागली किंवा नाकातोंडाशी बुडबुडे आले, तर मात्र मला फोन न करता थेट सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जायचं.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे, म्हणून जास्त चिडून सांगते. मादीचा वास तिच्या कातडीवरच्या स्निग्ध द्रव्यात असतो. तो हवेत फारसा उडत नाही, लागतो तिथे चिकटून बसतो. नर तो जिभेने टिपतो आणि टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाने वाचतो. एका जानेवारीत मी मादीला जुन्या टॉवेलवर घेतलं होतं आणि तोच टॉवेल हातावर टाकून काळ्याला उचललं. जीभ भराभरा चालू, अंगाला झटके, मनगटाला घट्ट विळखा. मी घाईने ओढायला गेले आणि अंगठ्यात दात रुतले. विषारी नाही, रक्त दोन मिनिटांत थांबलं, पण सासूबाईंनी ते अजून विसरू दिलेलं नाही. तेव्हापासून आधी नर, मग मादी. मध्ये साबणाने कोपरापर्यंत हात. मोसमात टॉवेलही वेगवेगळे. उंदराचा वास असलेल्या हातांनी साप धरणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, त्यांना साप सांगेलच.

दोन नर एका डब्यात ठेवू नका. "एकमेकांना मिठी मारून बसतात" म्हणून फोटो पाठवतात, ती मिठी नसते, एकमेकांना खाली दाबायची कुस्ती असते. आपल्याकडे धामणींचा पीळ पडला की साप जुळले म्हणून लोक वर पांढरं कापड टाकायला धावतात, आणि पुष्कळदा ते असतात दोन नर, मारामारी करणारे. (आणि ती धामण घरी आणायची नाही. देशी साप पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, पिल्लं झाली तर त्यांचीही.)

थंडी द्यायची म्हणून एसी 18 वर लावणारे महाभाग दरवर्षी भेटतात. परदेशातलं वाचायचं आणि मुंबईत करायचं. बॉल पायथनला 24 अंशांच्या खाली नेऊ नका, फुप्फुसं धरतात. जानेवारीतली पहाट पुरेशी असते. मी उलट डबा ऊबदार ठेवणाऱ्या थर्मोस्टॅटवर लक्ष ठेवते.

पोटात अंडी असलेली मादी अर्धवट उताणी पडलेली दिसली तर ती मरत नाहीये. पोट दाबून अंडी मोजू नका, तिला पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढू नका. अंडी घातल्यावर ती वेटोळं घालून बसते आणि हात गेला तर चावते, तो तिचा हक्क आहे. अंडी इन्क्युबेटरमध्ये हलवलीत तर मादीला कोमट पाण्याने पुसून घ्या आणि खालचं सगळं बदला. अंड्यांचा वास राहिला तर ती रिकाम्या जागेला वेढा घालून उपाशी बसून राहते.

राहिलं झाकण. मोसमातला नर एरवीच्या दुप्पट चिकाटीने ढकलतो, एकच क्लिप असलेला डबा चालत नाही. मी चारही बाजूंना क्लिपा लावल्या आहेत. काल रात्री सासूबाईंनी त्यावर वरवंटाही ठेवला.